गंगुबाईंचं पहिलं पत्र

डिलाईल रोड, मुंबई
२२ एप्रिल १९५६

ती. दुर्गाताईंच्या सेवेशी,
यशोदेचा शि. सा. नमस्कार.

माझ्या सासूबाई माथेरानला सुखरूप पोचल्याचं तुमचं कार्ड काल मिळालं. नेरळहून वर चढताना छोट्या गाडीत त्यांना उलटी झाली नाही हे वाचून आमच्या यांना हायसं वाटलं. मला काळजी नव्हतीच. त्यांना स्वतःला कधी काही होत नाही, जे व्हायचं ते आजूबाजूच्यांना होतं.

त्यांच्या गुडघ्याला रात्री तेल लावावं लागतं. बाटली ट्रंकेत लुगड्यांच्या खाली आहे, त्या आपण होऊन सांगणार नाहीत. शिबिरातल्या बायकांनी स्वयंपाकाचं तोंडावर कौतुक करू नये, केलं की दुसऱ्या दिवशी तिखट दुप्पट पडतं.

ताई, एक बोलते, रागावू नका. तलावाकाठी मंडळाचं शिबिर भरणार, गिरणगावातल्या बायकांना दीड महिना थंड हवेत शिकायला मिळणार, हे तुम्ही दिवाळीत सांगितलंत तेव्हापासून मी मनातल्या मनात पेटी भरत होते. तुम्ही माझ्या वर्गातली रखमा नेलीत. स्वयंपाकाला माझी सासू नेलीत. आणि मला म्हणालात, "तू आलीस तर दुपारचा वर्ग कोण चालवणार?" खरं आहे. तीन वर्षं आमच्याच खोलीत वर्ग भरतो, मीच शिकवते. आता सासूबाई नाहीत म्हणून त्यांच्या खानावळीतल्या आठ गड्यांचं जेवणही मीच रांधते. एका हातात खडू, दुसऱ्या हातात उलथणं. तुम्ही तिकडे तलावावरचा वारा खा.

बाकी त्या तिथे शिकतील बिकतील अशी आशा ठेवू नका. मी तीन वर्षं पाठीस लागले. पाटी पुढे केली की "माका नको ता" म्हणून पडद्याआड जाऊन तांदूळ निवडत बसतात. आणि तिथूनसुद्धा गप्प बसत नाहीत. मी शिकवायला लागले की आतून हाळी येते, "मोठ्यान बोल गो! कायच ऐकाक येना नाय!" बाहेर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात.

इकडे रोज सभा आहेत. मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय हे बहुतेक घरी जेवायला येत नाहीत.

तुमची,
यशोदा

———

माथेरान
२७ एप्रिल १९५६

प्रिय यशोदा,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीत बसली असशील तर नीट टेकून बस. तुझ्या सासूबाई वर्गात बसल्या!

आपल्या मंडळाची रीत तुला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी पाटीवर फूल वाहायचं आणि शिकवणाऱ्या बाईच्या पाया पडायचं, मग अक्षराला हात घालायचा. चार दिवसांपूर्वी सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बारा जणींचं पाटीपूजन चाललं होतं. गंगुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता हात पुसत पुढे आल्या आणि मलाच विचारलं, "बाय, तुमचा वय काय?" मी म्हटलं, साठीवर दोन वर्षं झाली. "मगे बरा," असं म्हणून त्या वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं! मला इतकं हसू आलं की आशीर्वाद द्यायचं राहूनच गेलं.

आणि काय सांगू, यशोदा! चौथ्या दिवशी बाई सगळी बाराखडी ओळखतात. चाळीस वर्षं हे काम करते आहे, अशी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. इथली हवा म्हण, तलावाकाठची शांतता म्हण, की माझ्या पद्धतीचा गुण म्हण. इथे माती लाल आहे, त्यांच्या गावासारखी. संध्याकाळी आम्ही दोघी शारलोट तलावापर्यंत जातो तेव्हा त्या काठीने मातीत अक्षरं काढत चालतात आणि मागून घोड्यावरून येणारे हवा खायला आलेले शेटलोक बाजूने घोडा घेतात.

परवाची गोष्ट. माझ्या तक्त्यावर 'ग गवताचा' आहे. गंगुबाई म्हणाल्या, "गवताचो कसलो? ग गोळीबाराचो." व्हरांड्यातल्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. मग 'भ' आला. "भ भोंग्याचो." 'च चाळीचो.' त्यांचे हे शब्द मी उतरवून घेतले आहेत. मंडळाच्या नव्या अंकलिपीत घालणार आहे, त्यांच्या नावासकट.

संध्याकाळी तलावाकाठी व्याख्यानं असतात. पाहुणे खुर्च्यांवर, आपल्या बायका सतरंजीवर. काल मी बोलले तेव्हा गंगुबाईंना उभं करून पाटीवर नाव लिहायला लावलं. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तू हवी होतीस.

तुझी,
दुर्गाताई

———

डिलाईल रोड
१ मे १९५६

ती. दुर्गाताईंस,
सा. नमस्कार.

आमच्याकडे खुर्ची नाही. तुमचं पत्र मी चुलीसमोर पाटावर बसून वाचलं आणि भात करपला.

"तू हवी होतीस" असं लिहिलंत. मी असते तर तुम्हाला तिथल्या तिथे सांगितलं असतं की भ भोंग्याचा माझा आहे. च चाळीचा माझा आहे. मंडळाची अंकलिपी आमच्या बायकांना पचत नव्हती. त्यांनी गवत पाहिलंय कुठे? म्हणून पहिल्याच वर्षी मी अक्षरांना या रस्त्यावरचे शब्द लावले. 'ग' माझा गिरणीचा होता. जानेवारीत पोलिसांच्या गोळ्या सुटल्या, आमच्या मागच्या चाळीतला कोवळा मुलगा गेला, संचारबंदी उठल्यावर वर्ग पुन्हा भरला तेव्हा बायका आपण होऊन 'ग गोळीबाराचा' म्हणायला लागल्या. मी त्यांना अडवलं नाही. सासूबाईंनी ते कुणाच्या तरी तोंडून उचललं असेल. आणि आता ते त्यांच्या नावाने छापणार! छापा. माझ्या सुपातले दाणे वेचून तुम्ही दोघी खिचडी शिजवा, वर टाळ्याही घ्या.

मला काय वाटतं ते साफ लिहिते. मला तुमचा हेवा वाटतो. पोटात दुखतं म्हणतात ना, तसं अगदी खरोखरीचं दुखतं. या माणसापुढे मी तीन वर्षं पाटी धरली. गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं. गणपतीत नवी पाटी आणून त्यांच्या उशाशी ठेवली, तर तिच्यावर त्यांनी पापड वाळत घातले! आणि तुमच्यापुढे चार दिवसांत बाराखडी. म्हणजे शिकायचं नव्हतं असं नाही. माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

मला हे आधीच कळायला हवं होतं. वर्गाच्या पहिल्याच दिवशी पाटीपूजन झालं, तेव्हा शेजारची जाईबाई, जी माझ्या आईच्या वयाची, माझ्या पाया पडायला वाकली. सासूबाई पडद्यामागून अशा काही धावत आल्या! तिचा दंड धरून तिला मागे खेचलं आणि सगळ्यांसमोर ओरडल्या, "माझ्या सुनेच्या पायां पडतंस? अक्कल खंय गेली तुझी?" सुनेच्या पाया कोण पडतं, सून म्हणजे पायातली वहाण, हेच ना? तो दिवस मी अजून गिळलेला नाही.

आणि तुमच्या पायांवर मात्र डोकं ठेवलं. गिरगावातल्या जुन्या घरातल्या, इंग्रजी शिकलेल्या बाईच्या पाया पडायला त्यांना लाज नाही. सातवी पास झालेल्या सुनेपुढे पाटी धरायला आहे.

तरी एक लिहिते, कारण लिहिलं नाही तर ते खोटं होईल. वर्ग सुरू होण्याच्या आधी मला विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा याच बाईंनी महिनाभर माझ्या उशाशी बसून काढला. बर्फाच्या पिशवीने त्यांची बोटं पांढरी पडली होती. म्हणून तर राग जास्त येतो. मरत होते तेव्हा मी त्यांची होते, शिकवायला लागले आणि परकी झाले.

रात्री तेल लावता का?

यशोदा

———

माथेरान
९ मे १९५६

प्रिय यशोदा,

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. माझ्या वयाच्या बाईला असं पत्र फारसं कुणी लिहीत नाही.

ते शब्द तुझे आहेत हे मला खरंच ठाऊक नव्हतं. गंगुबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चाळीत पोरां म्हणतत," आणि वाटण वाटायला निघून गेल्या. अंकलिपीत तुझंच नाव जाईल. झालं समाधान?

मला मात्र तू उगीच बोल लावतेस. मी कुणाची सासू पळवली नाही. ती बाई आपल्या पायांनी आली. आणि मी शिकवते तशी शिकवते, त्यात माझा काही गुण असेल हे मानायला तुला एवढं जड का जावं?

तेल लावते, रोज. तलावावरून परत आलो की व्हरांड्यात दिवा ठेवून बसतो. त्या माझ्या केसांनाही लावून देतात. आई गेल्यावर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. त्या तुझ्याबद्दल फार बोलत नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, तिचा आवाज बारीक आहे, घसा जपायला हवा.

आता पुढचं. शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक बाई आपल्या हाताने पहिलं पत्र लिहिते. कुणाला लिहायचं ते तिचं तिने ठरवायचं, शिकवणाऱ्या बाईने ते वाचायचं नाही, फक्त तिकीट द्यायचं. ही रीत मी मुद्दाम पाळते. माणसाला लिहिता आलं की त्याला खाजगी काहीतरी मिळतं, त्यात बाईने डोकावू नये.

आणखी एक मनात आहे. खोताच्या वाडीजवळचं माझं घर तू पाहिलंयस. एवढ्या खोल्यांत मी एकटी. शिबिर संपल्यावर गंगुबाई माझ्याकडेच राहिल्या तर? गिरगावच्या वर्गाला त्यांची मदत होईल. तुमच्या खोलीत तुम्हालाही जरा हातपाय पसरता येतील. जयवंतला विचारून बघ, आई त्याची आहे.

तुझी,
दुर्गाताई

———

डिलाईल रोड
१२ मे १९५६

दुर्गाताई,

यांना विचारलं. "आईला विचार," म्हणाले आणि मोर्च्याला गेले. या घरातले पुरुष मुंबई कुणाला देणार नाहीत, पण आई कुठे राहणार ते बायकांनी आपसात ठरवायचं.

आम्हाला हातपाय पसरायला जागा नको आहे. त्या गेल्यापासून पडद्याआडची त्यांची जागा रिकामी आहे आणि मी तिथे साधं डबडंही ठेवलेलं नाही. सूप भिंतीला टांगलं आहे तसं आहे. वर्गात शिकवताना मी मधेच थांबते, आतून ओरडा येईल म्हणून. तो येत नाही. शिकवण्यात जीव लागत नाही.

तुम्हाला घर मोठं आहे, माणूस नाही, हे मला कळतं. पण माझं माणूस नेऊन ते भरू नका. तुमच्याकडे सगळं आहे. तलाव आहे, मंडळ आहे, लोक तुम्हाला खुर्ची देतात. माझ्याकडे एक खवट सासू आहे, ती माझी आहे.

पहिलं पत्र कुणाला येणार यावर आमची पैज लागली आहे. हे म्हणतात, आईचं पहिलं पत्र लेकालाच. मी म्हटलं, बघू. रोज पोस्टमनच्या वेळेला जिन्यात जाऊन उभी राहते. पाणी भरायच्या निमित्ताने.

यशोदा

———

माथेरान
२१ मे १९५६

प्रिय यशोदा,

पत्रं काल टपालात पडली. गंगुबाई दोन दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. तलावाच्या काठी दगडावर बसून लिहीत होत्या. माकडं जवळ आली तर कागद पोलक्यात लपवायच्या. मी लांबूनच पाहिलं.

पैज तुमच्यापैकी कुणीच जिंकलेलं नाही. पाकिटावरचा पत्ता मला वाचावा लागला, कारण त्यांना जिल्हा लिहिता येईना. पत्र गेलं आहे कुडाळजवळच्या एका गावी, सुंदराबाईंना. तुझीच आई ना त्या? मला जरा आश्चर्य वाटलं, पण विचारलं नाही.

तुला हे माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. गिरगावचं अजून ठरायचं आहे.

तुझी,
दुर्गाताई

———

डिलाईल रोड
२४ मे १९५६

दुर्गाताई,

माझ्या आईला!

तुम्ही लग्न केलं नाहीत म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटतं. मला नाही वाटलं. सासू विहिणीला पत्र लिहिते ते कशाला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मुलीला काय वळण लावलंत ते बघायला या, हेच त्यात असतं. दुसरं काही नसतं. आजवर त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यावं लागलं असतं, आणि या चाळीत लिहून देणारी एकटी मीच. आता स्वतः लिहिता येतं. वा! साक्षरतेचा काय उपयोग आहे म्हणून लोक विचारतात, त्यांना हे उदाहरण द्या व्याख्यानात.

माझ्या आईला वाचता येत नाही. म्हणजे गावच्या पोस्टमास्तरांनी ओटीवर बसून माझी गाऱ्हाणी मोठ्याने वाचली असणार आणि सगळ्या वाडीने ऐकली असणार. यशोदा उलट बोलते. यशोदा घर सोडून चाळीतल्या बायकांत पाटी घेऊन बसते. यशोदेकडे आता मी राहत नाही, गिरगावात एका शहाण्या बाईकडे राहते. एवढं तरी असेलच, नाही का? तुम्ही "अजून ठरायचं आहे" लिहिलंत. काय ठरायचं आहे? ठरलेलं दिसतंय.

ठेवा तुमच्याकडेच. त्यांचं लुगडं आणि तेलाची दुसरी बाटली मी पाठवून देईन. वर्गही तुमचा तुम्ही सांभाळा. मी आज पाट्या गोळा करून फळीवर ठेवल्या आहेत. बायका येऊन दारातून परत गेल्या. जाईबाई विचारत होती, बरं नाही का. मी म्हटलं, हो, बरं नाही.

रडले नाही, असं लिहिणार होते. रडले. तीन वर्षं जिच्यासाठी मी रोज एक पाटी जास्त मांडत होते, ती बाई लिहायला शिकली आणि तिला मला लिहावंसं वाटलं नाही.

यशोदा

———

माथेरान
२८ मे १९५६

प्रिय यशोदा,

घाईत लिहिते. सामान बांधणं चालू आहे, ३१ तारखेला आम्ही सगळ्या उतरतो.

"अजून ठरायचं आहे" हे मी खोटं लिहिलं. गंगुबाईंना मी महिन्याच्या सुरुवातीलाच विचारलं होतं. त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "बाय, माझ्या सुनेचो भात करपता. माका जावक होया." पुन्हा विचारलं, तेव्हा हसल्याही नाहीत. मी तुला हे कळवलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. तू हेव्याबद्दल लिहिलंस तेव्हा मला वाटलं होतं, ही पोर अजून लहान आहे. मी तिच्याहून बरी नाही. रोज संध्याकाळी तलावावरून परतताना मी मुद्दाम लांबची वाट धरत होते.

पत्रात काय आहे ते मला माहीत नाही. गाऱ्हाणं असेल असं मला वाटत नाही. पण तू म्हणतेस तसं मला सासर नाही, तेव्हा मी पैज लावणार नाही.

वर्ग बंद करू नकोस. भांडण माझ्याशी आहे ना?

दुर्गाताई

———

डिलाईल रोड
६ जून १९५६

ती. दुर्गाताईंच्या सेवेशी,
यशोदेचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही त्यांना दादरला आमच्या यांच्या ताब्यात देऊन परस्पर घरी गेलात. मी रागावले आहे म्हणून वर आला नाहीत, हे कळलं. बरं केलंत. त्या दिवशी मी दोघींशीही धड बोलले नसते.

सासूबाई आल्या, ट्रंक ठेवली, सूप खाली काढलं आणि पडद्याआड जाऊन बसल्या. जणू भाजी आणायला गेल्या होत्या. फळीवरच्या पाट्यांकडे बघून म्हणाल्या, "धूळ बसली हा." तीन दिवस आम्ही 'मीठ दे' आणि 'पाणी आलं' एवढंच बोललो. त्यात परवा बातमी आली की मुंबई दिल्लीच्या ताब्यात जाणार. रस्त्यात माणसांचे थवे, सगळ्यांची तोंडं उतरलेली. हे तेव्हापासून घरी नाहीत.

काल माझा भाऊ गंगाधर गावाहून आला. मे महिन्याची रजा संपवून शेवटच्या बोटीने. सासूबाई खाली नळावर होत्या. त्याने आईने दिलेली सोलांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि आतून एक घडी केलेला कागद काढला. मी म्हटलं, "वाचून दाखवू नकोस, मला माहीत आहे काय आहे." तो म्हणाला, "तुला काही माहीत नाही. वाच." मी वाचलं. तुम्ही त्यात डोकावला नाहीत. आता ते तुमच्यासाठी जसंच्या तसं उतरवून देते. अक्षरं मोठी आहेत, ओळी तलावाकडे उतरत गेल्यासारख्या खाली गेल्या आहेत. आमच्याकडे चेडू म्हणजे मुलगी आणि आवस म्हणजे आई.

"सुंदराबाई विहीणबाईक गंगूचो नमस्कार. ह्या मी लिवतंय माझ्या हातान. तुमच्या चेडवान माका शिकवल्यान. तिका म्हाईत नाय. ती बायकांक शिकवी तेवा मी पडद्याआड तांदूळ निवडी आणि सुपातल्या तांदळात बोटान अक्षरा काढी. ऐकाक येना नाय तेवा मोठ्यान बोल म्हणान सांगी. शिकवणाऱ्या बाईच्या पायां पडाचा लागता. हयची बाय माझ्यापेक्षा मोठी, तिच्या पायां पडलंय. चांगली आसा. पण माका शिकवल्यान ता यशोदेन. तिच्या पायां पडलंय तर तिचा आयुष्य कमी जातला. मोठ्या माणसान ल्हानाच्या पायां पडाचा नसता. तापात मराची वाचली हा ती. म्हणान मी तिच्या पाटयेक हात लावलंय नाय. तुमी तिची आवस. तुमच्या पायां पडतंय. नमस्कार तुमी घेवा. गंगाधर येयत तेवा सोला धाडा."

एवढंच आहे, ताई.

माझ्या आईने पोस्टमास्तरांकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि गंगाधरला सांगितलं, "नमस्कार मी ठेवन घेतलंय. कागद तेवढो तिका दी." मी विषमज्वरातून उठलेली, तिलाही भीती आहेच.

जाईबाईचा दंड धरून मागे खेचलं ते का, ते आता कळलं. वाकणारं माणूस वयाने मोठं होतं. मी तीन वर्षं त्याचा अपमान करून घेतला. आणि पाटीवर पापड वाळत घातले तेही का. पाटी धरली की पाया पडावं लागणार, आणि पाया पडलं की माझं आयुष्य जाणार. मग ती पाटी पापडाची केलेली बरी.

तुमच्यावर चिडले त्याचं काय करू? शब्द माझे होते, सासू माझी होती, आणि तुम्ही सगळं घेऊन गेलात असं वाटत होतं. चार दिवसांत बाराखडी तुमच्यामुळे आली नाही, ताई, ती माझ्या पडद्यामागून आधीच शिजून आली होती. हे लिहिताना मला अजून थोडा आनंद होतो आहे. तो माझा दोष समजा आणि सोडून द्या. केसांना तेल लावायला मात्र तुम्ही रविवारी इथे या. गिरगावहून डिलाईल रोड काही लांब नाही. त्यांनी तुमची वाट पाहायला सुरुवात केली आहे, मला ते आवडत नाही, पण या.

कागद मी वाचला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या मेल्याहून मेल्या होतील, आणि मला त्यांच्याकडे बघता येणार नाही. सोलं डब्यात भरली. त्यांनी नळावरून येऊन वास घेतला, "गंगाधर इलो?" एवढंच विचारलं, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कांदा चिरायला घेतला.

आज दुपारी पाट्या फळीवरून काढल्या. बातमीमुळे बायका येणार नाहीत असं वाटलं होतं, तर उलट जास्त आल्या. म्हणाल्या, भिंतीवर लिहायला शिकायचंय, 'मुंबई आमची' एवढं तरी. मी 'म' घेतला. पडद्याआड सुपात तांदूळ पडल्याचा आवाज आला. मी पडद्याकडे पाठ केली नाही, तोंड केलं, आणि माझ्या बारीक आवाजात जेवढा जोर आहे तेवढा लावून, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं शिकवलं. अर्धा तास.

शेवटी आतून हाळी आली, "पुरे गो! मी काय बहिरी नाय!"

तुमची,
यशोदा